लुबर्टचा फुटका पेला

सोळाशे एकेचाळीस साल होतं. त्या वर्षी हार्लेमला उन्हाळा लांबला. सप्टेंबर सरत आला तरी वाळूच्या टेकड्यांखालची शेतं कापडानं झाकलेली होती, आणि वारा तिकडून सुटला की अख्ख्या शहरात आंबट ताकाचा वास पसरायचा. ताकात भिजवल्याशिवाय कापडाला ती शुभ्रता येत नाही. बाहेरगावचे लोक नाकाला रुमाल लावत. हिलेगोंटला मात्र त्या वर्षी तो वास आवडायला लागला होता. त्याच वासाच्या घरात ती सून म्हणून जायची होती.

हिलेगोंट एकोणतीस वर्षांची. आमच्याकडे त्या वयाची मुलगी अजून बापाच्या घरी असली की शेजारणी तिच्याशी जरा मोठ्यानं बोलतात, ती बहिरी झाल्यासारखं. तिचा बाप लुबर्ट कुनराड्स चित्रकार होता. माणसं तो रंगवत नसे, लढाया नाहीत, बायबलातल्या गोष्टी नाहीत. तो मांडलेलं टेबल रंगवायचा. पांढरी चादर, पाव, चीज, हेरिंग मासा, आणि टेबलाच्या कडेवरून साल लोंबतंय असं अर्धवट सोललेलं लिंबू. चित्रकारांच्या संघात लढाया रंगवणारे वरच्या अंगाला बसत आणि लुबर्ट दाराशी, काचेवर नक्षी काढणाऱ्यांच्या शेजारी. पाठीमागे त्याला चीजवाला म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि रोज थोडंथोडं बोचत होतं.

आई गेली तेव्हा हिलेगोंट बारा वर्षांची होती. तेव्हापासून बापाचे रंग तीच घोटायची. दगडी पाट्यावर जवसाचं तेल घालून पांढरा घोटायचा, हिरवा घोटायचा, लाकडाच्या फळ्या घासायच्या, त्यांवर पहिला लेप द्यायचा, ब्रश धुवायचे. घर सांभाळायला बापाची बहीण नेल आत्या होती, जिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. समोरच्या खोलीत तीन-तीन आठवडे मेजवानी मांडलेली असायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही. मागे स्वयंपाकघरात तिघं काळा पाव आणि ताकातली कांजी खात. नेल आत्या म्हणायची, "आपल्या घरात राजा जेवतो. आपण फक्त माश्या हाकतो."

वेसेल त्या घरात आला तो चादर घेऊन. वेसेलच्या आईचा, बार्तेबाईंचा, टेकड्यांखाली कापड पांढरं करायचा मोठा कारखाना होता. विधवा बाई, पण चाळीस बायका आणि अकरा पुरुष तिच्या नजरेत चालत. वेसेल एकुलता एक. चौतीस वर्षांचा, खांदे रुंद, आवाज बारीक, आणि हात राखेच्या पाण्यानं भेगाळलेले. चित्रासाठी मागवलेली ती एक चादर पोचवायला तो तीनदा आला. पहिल्यांदा चुकीची आणली, दुसऱ्यांदा आणायची विसरला, आणि तिसऱ्यांदा हिलेगोंटनं दार उघडून विचारलं, "आज काय विसरलात?" तेव्हा तो म्हणाला, "आज बोलायचं विसरलो नाही तर बरं."

लग्न ठरलं. हुंड्यापाशी अडलं असतं, कारण लुबर्टकडे द्यायला काही नव्हतं. पण बार्तेबाईंच्या दर्शनी खोलीत शेकोटीच्या वर एक मोठी जागा रिकामी होती, आणि ती त्यांना दिवसभर टोचायची. लुबर्टनं त्या जागेपुरतं चित्र काढून द्यायचं, बाकी काही नको, असं ठरलं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी नगरसभेत दोघांची नावं लिहायची, मग तीन रविवार चर्चमध्ये ती वाचली जातील, मग लग्न.

चित्रात काय हवं ते सांगायला बार्तेबाई स्वतः आल्या. अंगात काळा पोशाख, कारण त्यांच्या पंथात रंगीत कपडा म्हणजे दिमाख. पण तो काळा असा की त्याच्यापुढे जांभळी मखमल धुवट वाटावी.

"चादर आमची," त्या म्हणाल्या. "घड्या दिसल्या पाहिजेत. बघणाऱ्याला कळू दे, आत्ताच कपाटातून काढलीय."

"दिसतील," लुबर्ट म्हणाला.

"चांदीचं मीठपात्र मी पाठवते. चिनी बशीसुद्धा. हॅम हवं. आणि शेवंड हवी, लाल, मोठी. गेल्या वर्षी त्या बिअर गाळणाऱ्या ब्रुअरच्या घरी पाहिली, तिच्याहून मोठी."

"आणि?"

"आणि एक खिशातलं घड्याळ ठेवा. झाकण उघडं."

"घड्याळ कशाला?" नेल आत्यानं दारातून विचारलं.

"म्हणजे बघणाऱ्याला कळेल की आम्हालाही कळतं, हे सगळं एक दिवस जायचंय."

"जायचंच आहे तर शेवंड कशाला?"

बार्तेबाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "शेवंड नसेल तर घड्याळ कशाला, नेलबाई?"

त्या गेल्यावर नेल आत्या बराच वेळ हसत होती. पण त्यात हसण्यासारखं आमच्याकडे कुणाला फारसं वाटलं नसतं. त्या काळी हार्लेममध्ये प्रत्येक घरात चित्रांचं एकतरी पुस्तक असायचं, पानावर एक वस्तू आणि खाली तिचा अर्थ. विझती मेणबत्ती म्हणजे आयुष्य. कालवं म्हणजे वासना. उघडा पिंजरा, फुटकं भांडं म्हणजे मुलीची हातची गेलेली अब्रू. मुलं अक्षरं त्यावरच शिकत. बाजारात कांदा सोलतानासुद्धा आमच्या माणसाला त्यात काहीतरी उपदेश दिसायचा. लिंबू नुसतं लिंबू आहे असं म्हणणारा माणूस अडाणी ठरायचा.

टेबल मांडलं. शेवंड आधी रंगवून झाली, कारण ती थांबत नाही. मग आतलं मांस काढून नेल आत्यानं कालवण केलं, आणि कवचात भुसा भरून ते परत जागेवर ठेवलं. त्या घरात शेवंड खाल्ली गेली ती तेवढी एकदाच. मग मीठपात्र झालं, बशी झाली, घड्याळ झालं. राहिला होता डाव्या अंगाचा पेला. लुबर्टचा जुना हिरवट काचेचा पेला, जाड देठाचा, देठावर काचेचे मणी. त्याच्या प्रत्येक चित्रात तोच असायचा, अर्धा वाइननं भरलेला.

वाइन आंबली होती, ती बदलायला हिलेगोंटनं पेला उचलला. हाताला तेल होतं. पेला निसटला, मीठपात्रावर आपटून आडवा झाला आणि काठाचा एक मोठा कपचा उडून चादरीवर पडला.

"वीस वर्षं," लुबर्ट म्हणाला. "वीस वर्षं हा पेला माझ्याकडे आहे. तुझ्या आईनं कधी..." आणि त्याची नजर चादरीवर खिळली. हिलेगोंट तुकडा उचलायला वाकली तसा तो ओरडला नाही, उलट अगदी हळू बोलला. "हात लावू नकोस. मागे हो. खिडकीपासून मागे हो."

तिनंही तेव्हा पाहिलं. फुटक्या काठावर उजेड तुटत तुटत उतरत होता आणि चादरीवर हिरवं पाणी सांडावं तसा पसरत होता.

चार दिवस लुबर्ट नीट जेवला नाही. हिलेगोंट हिरवा घोटून घोटून देत होती, जरा पिवळट, जरा दाट, पुन्हा पातळ. पाचव्या दिवशी तो बाजूला झाला आणि ती पुढे गेली. तिला खोटं बोलता आलं नसतं. इतकी वर्षं तिनं बापाच्या हातचं पाहिलं होतं. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. तिला आनंद झाला. वासना, अब्रू, उघडे पिंजरे, यातलं काहीही तिच्या मनात आलं नाही, आणि तीच तिची चूक. ती कामात होती. कामात असलेल्या माणसाला वस्तू दिसते, तिच्याखालची ओळ दिसत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, चर्चनंतर, बार्तेबाईंनी चार माणसं बोलावून चित्र दाखवलं. शेकोटीवर ते टांगलेलं, खाली वेफरची पातळ गोड बिस्किटं आणि मसाल्याची गोड वाइन. बायका चादरीच्या घड्या बघून वेसेलकडे बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, शेवंड ब्रुअरच्या शेवंडीहून मोठी आहे, आणि बार्तेबाईंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. लुबर्ट कोपऱ्यात उभा होता, नवी कॉलर घालून. त्याच्या शेजारी त्या दिवशी कुणी काच रंगवणारा नव्हता.

मग बार्तेबाईंचे भाऊ इस्ब्रांटमामा पुढे झाले. ते चर्चच्या वडीलमंडळात होते. लोकांच्या घरी जाऊन त्यांची पापं विचारणं हे त्यांचं काम, आणि ते काम त्यांना जड जात नसे. चित्रापुढे ते एवढा वेळ उभे राहिले की बायकांचं बोलणं आपोआप थांबलं.

"हा पेला फुटलेला आहे," ते म्हणाले.

"उजेड बघा," लुबर्ट म्हणाला. "काठावरचा."

"बघतोय. लग्नाच्या चित्रात फुटका पेला. मुलीकडून आलेल्या चित्रात." त्यांनी वळून पाहिलं. "लुबर्ट, आम्ही काही शिकलेली माणसं नाही. पण पेला म्हणजे काय आणि तो फुटला म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. हे सहज पडलंय का, की तुम्ही काही सांगताय?"

हिलेगोंट तिथंच होती, वेफरची थाळी हातात धरून. तिला वाटलं, आता बाबा सांगतील. वाइन बदलताना पडला, पोरीच्या हातून निसटला, एवढंच सांगायचं होतं. सगळे हसले असते आणि वाइन पुन्हा ओतली गेली असती.

पण लुबर्टला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या चित्राचा अर्थ विचारला होता. लढाया रंगवणाऱ्यांना विचारतात तसा. त्यानं मान ताठ केली आणि म्हणाला, "सहज? माझ्या चित्रात सहज काही नसतं, इस्ब्रांटसाहेब. एकही वस्तू नाही."

"असं," इस्ब्रांटमामा म्हणाले. बस्स, एवढंच. बार्तेबाईंनी आपला पेला खाली ठेवला. एका बाईनं दुसऱ्या बाईकडे पाहिलं, आणि हिलेगोंटला कळलं की त्या दोघींना फ्लोरिस आठवला आहे. सात वर्षांपूर्वी लुबर्टकडे फ्लोरिस नावाचा शिकाऊ होता. तीन वर्षं त्यांच्याच माळ्यावर राहिला आणि मग अचानक पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर चढून निघून गेला. हिलेगोंटला त्यानं काचेवरचा उजेड कसा ठेवायचा ते शिकवलं होतं. दुसरं काही नाही. पण तेव्हाही लोक बोललेच होते.

सोमवारी चित्र हातगाडीवरून परत आलं, वर गोणपाट. सोबत वेसेल. तो दारातच उभा राहिला.

"आई म्हणते," त्यानं सुरुवात केली आणि टोपी हातात फिरवायला लागला. "आई म्हणते, पेला साबूत करून द्या. बाकी चित्र चांगलं आहे. शेवंड फारच चांगली आहे. शुक्रवारपर्यंत द्या, म्हणजे शनिवारी आपण..."

"आणि नाही दिला तर?"

"देतील की. एक पेला तर आहे."

"मामा काय म्हणतात?"

वेसेलनं टोपीतल्या शिवणीकडे पाहिलं. "मामा म्हणतात, बापाला तोंडानं सांगवत नव्हतं ते त्यानं रंगवून सांगितलं. त्याचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे, म्हणतात."

"आणि तू?"

"मी म्हटलं, तसं नसेल."

"नसेल?"

"नाही, म्हणजे, नाहीच. मला ठाऊक आहे. पण तू बाबांना सांग ना, हिले. दोन दिवसांचं काम."

लुबर्ट आतल्या खोलीत ऐकत होता. वेसेल गेल्यावर हिलेगोंट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, त्यांना जाऊन सांगा की माझ्या हातून फुटला."

"मी? चार माणसांत मी सांगितलं की माझ्या चित्रात सहज काही नसतं. आणि आता सांगू की पडलं ते रंगवलं? संघात उद्या हसतील."

"मग साबूत करून द्या."

तो चित्राकडे बघत राहिला. "ते माझ्या हातून पुन्हा होणार नाही."

"माझंही लग्न पुन्हा ठरणार नाही."

"काय बोलतेस. तू काही अगदी..." त्यानं चित्राकडे हात केला. "तो ताकातला बैल. आईच्या परवानगीशिवाय शिंकत नाही. त्याच्यासाठी मी हे पुसू?"

"त्याच्यासाठी नाही," हिलेगोंट म्हणाली. "मला माझं घर हवंय. माझं कपाट, माझी चूल. टेबलावर मांडलेलं त्याच दिवशी खाऊन टाकता येईल असं घर. बैल असेना."

लुबर्ट उठून बाहेर गेला. नेल आत्या चुलीपाशी होती. "माझ्या भावाला मी पाळण्यापासून ओळखते," ती म्हणाली. "तो वाईट नाही. त्याला स्वतःपलीकडचं दिसत नाही, एवढंच. आणि दिसलं तर ते रंगवायला घेतो."

मंगळवारी हिलेगोंट स्वतः बार्तेबाईंकडे गेली. बाई अंगणात मोठ्या कढईपाशी उभ्या होत्या, धूर अंगावर घेत. हिलेगोंटनं सरळ सांगितलं. हाताला तेल होतं, पेला निसटला, बाबांना त्यावरचा उजेड आवडला. दुसरं काहीही नाही.

बार्तेबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "बस ना," त्या म्हणाल्या, पण बसायला तिथं काही नव्हतं. "पोरी, तू मला नावडतेस असं नाही. तुझे हात कामाचे आहेत. पण बाप सांगतो सहज नाही, मुलगी सांगते सहज. मी कोणाचं खरं धरू? मी धरलं तरी गाव कोणाचं धरेल? ते चित्र माझ्या शेकोटीवर लागणार. आल्यागेल्याला मी रोज काय सांगू, तेलाचे हात?"

"मग चित्रच लावू नका."

"रिकामी जागा लोकांनी पाहिली आहे. चित्र आलेलंही पाहिलं आहे. परत गेलेलंही." बाईंनी काठीनं कढईतलं कापड खाली दाबलं. "साबूत पेला लागला की सगळे गप्प. इस्ब्रांटसुद्धा. तेवढं कर."

शुक्रवारी चित्रकारांच्या संताचा सण होता. दर वर्षी त्या दिवशी संघाचं जेवण असायचं, दुपारपासून. लुबर्ट सकाळीच नवी कॉलर घालून गेला. फुटक्या पेल्याची बातमी संघात पोचली होती. दोघेतिघे ते बघायलाही येऊन गेले होते, आणि त्यातला एक लढायावाला होता.

दार लागल्यावर हिलेगोंटनं एप्रन बांधला. पांढरा घोटला, हिरवा घोटला, मातकट पिवळा घोटला. चित्र खाली उतरवून खिडकीशी टेकवलं. ती चित्रापुढे बसून राहिली, आणि तिला जे वाटलं ते तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. बाप खोटं बोलत नव्हता. हे पुन्हा होणार नव्हतं. ती एक चांगली वस्तू मारायला बसली होती, आणि ते तिच्याइतकं कळणारं त्या गावात दुसरं कुणी नव्हतं, बाप सोडून.

मग तिनं ब्रश उचलला. आधी आडवा पेला चादरीच्या पांढऱ्याखाली गेला. मग कपचा गेला. मग त्या जागी उभा पेला आला, जाड देठाचा, देठावर मणी, अर्धा वाइननं भरलेला. नेल आत्या दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्या वेळी पाव आणि चीज ठेवून गेली. दुपार कलली तेव्हा पेला उभा होता. पोटाच्या गोलाईवर खिडकीचा इवला चौकोन, मागच्या काठावर त्याचाच पुसट जोड. फ्लोरिसनं शिकवलं होतं तसा.

रंग ओला होता, पण चार दिवस कुणी बोट लावलं नाही तर चालणार होतं. वेसेलला निरोप धाडायचा म्हणून ती हात धुवायला मागे गेली. राखेनं नखं घासता घासता तिला पुढचं दार वाजल्याचं ऐकू आलं. जेवण लवकर आटोपलं असेल असं तिला वाटलं. ते आटोपलं नव्हतं. त्या वर्षी लुबर्टला वरच्या अंगाला बसवलं होतं, आणि त्यानं चार जणांना फुटका पेला दाखवायचं कबूल करून, चित्र तिथंच नेण्यासाठी तो मध्येच उठून आला होता.

ती खोलीत आली तेव्हा तो चित्रापुढे गुडघ्यावर बसलेला होता. शेजारी तेलाची वाटी. हातात चिंधी. खालचा रंग वाळलेला आणि वरचा ओला असला की काय होतं ते तिला सांगायला नको होतं. इतकी वर्षं तीच त्या चिंध्या धूत आली होती. उभा पेला हिरव्या चिखलासारखा चिंधीत येत होता आणि त्याखालून आडवा पेला जसाच्या तसा वर येत होता, ओरखडासुद्धा न पडता.

ती त्याच्या हाताला झोंबली नाही. रडलीही नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"गोलाई चांगली जमली होती," लुबर्ट चिंधीची घडी बदलत म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. कामाबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. "माझ्यापेक्षा चांगली. चौकोनावरचा पांढरा मात्र जरा जास्त झाला होता."

शनिवारी सकाळी हिलेगोंटनं काळा पोशाख घातला. नेल आत्यानं तिची टोपी सारखी केली. "येईल गं," ती म्हणाली. "पुरुष कधीकधी शहाणे होतात."

वेसेल आला. एकटाच, नवे जोडे घालून. चित्र भिंतीला टेकलेलं होतं आणि दारातून दिसत होतं.

"झालं नाही तर," तो म्हणाला.

"झालं होतं. पुसलं गेलं."

त्याला ते कळलं नाही, आणि तिनं समजावलं नाही. चर्चच्या घंटेनं नऊचे टोले दिले. अकराला नावं लिहायची वही बंद होणार होती.

"मग मी आईला काय सांगू?"

"तू चौतीस वर्षांचा आहेस, वेसेल. कायद्यानं तुला कुणाला विचारावं लागत नाही. नगरसभा त्या पुलापलीकडे आहे. आपण दोघं चालत जाऊ."

त्यानं पुलाकडे पाहिलं. खरंच पाहिलं, ती म्हणायची. क्षणभर त्याचा पाय हललाही होता. मग त्यानं आपल्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं.

"कढया आईच्या नावावर आहेत," तो म्हणाला. "शेतं पण."

"हो," हिलेगोंट म्हणाली. "मग घरी जा."

तो गेला. वाटेत एकदा थांबला, पण तो जोड्यातला खडा काढायला.

पुढच्या वसंतात वेसेलचं त्या ब्रुअरच्या मुलीशी लग्न झालं. चार मुलं झाली, दोन जगली. सोळाशे पंचावन्नच्या प्लेगात तो गेला. कढया तेव्हाही आईच्याच नावावर होत्या.

बार्तेबाईंनी शेकोटीवर दुसऱ्या चित्रकाराकडून फुलांचं चित्र लावलं. फुलांत एक माशी काढून घेतली, उपदेशापुरती. मुलगा गेल्यावर त्या कारखाना चालवतच राहिल्या आणि एका सकाळी कढईपाशीच पडल्या. इस्ब्रांटमामा ऐंशीच्या पुढे जगले आणि लोकांच्या घरी जाऊन विचारत राहिले. त्यांना काहीच झालं नाही.

फुटक्या पेल्याचं चित्र ॲमस्टरडॅमच्या एका मिरीच्या व्यापाऱ्यानं नेलं. त्याला त्यात आयुष्याची नश्वरता दिसली, आणि ती त्यानं सगळ्या व्यापाऱ्यांना जेवायला बोलावून दाखवली. मग ज्याला त्याला फुटका पेला हवा झाला. लुबर्टला मागणी पुरवता येईना. हिलेगोंट काचेच्या दुकानातून डझनानं पेले आणायची आणि लाकडी हातोडीनं काठ फोडून द्यायची, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. लुबर्ट फुटके रंगवायचा, जिथं साबूत पेला लागे तिथं तो म्हणायचा, "हिले, हा तू कर." खाली सही त्याची. संघात तो दोनदा प्रमुख झाला. शेवटच्या सहा वर्षांत त्याचे हात थरथरायचे, तेव्हा सगळं चित्रच ती करायची, आणि लोक म्हणत, म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे. तो तिच्या मांडीवर गेला. जाताना त्यानं माफी वगैरे मागितली नाही. खिडकीवर पडदा नको, एवढंच म्हणाला.

नेल आत्या त्याच्या आधीच गेली होती, झोपेत, कुणालाही शेवटचा टोमणा न मारता. फ्लोरिसची कधी काही खबर आली नाही.

हिलेगोंट त्र्याऐंशी वर्षं जगली. शेवटची अकरा वर्षं ती एकट्या बायकांसाठी बांधलेल्या आवारात राहिली, मध्ये विहीर आणि भोवती एकेक खोली. तिथं शिरताना तिला दोन खोल्या दाखवल्या. एकीला उत्तरेची खिडकी होती. चित्रकार तीच मागतात, उजेड दिवसभर सारखा राहतो म्हणून. तिनं पूर्वेची मागून घेतली. सकाळी ऊन थेट टेबलावर यायचं आणि बघता बघता सरकून जायचं. टेबलावर ती पाव, चीज आणि हेरिंग घ्यायची, आणि कांजी गरम असेल तेव्हाच खाऊन टाकायची म्हणून तिचं भांडं सरळ चुलीवरून आणायची.